आपल्या ५०० हॉर्सपॉवरबद्दल जाहीर अभिनंदन

प्रति,
डायनोचे मालक, चालक आणि निकाल लावणारे साहेब यांस,



नाव मुद्दामच लिहीत नाही. एक तर आपली फुकटात जाहिरात करायची माझी इच्छा नाही. दुसरं म्हणजे नाव गाळलं की हे पत्र आपल्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच आल्यासारखं वाटेल. तेवढाच टपालखर्च वाचला.

माझ्या भाच्याच्या बीएमडब्ल्यू एम ३४० आयवर आपण ‘स्टेज टू’ केलंत. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रीमॅप, मोठा डाउनपाइप आणि शेवटी डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र. गाडी घरी आली तेव्हा सोसायटीतली कुत्री आणि तळमजल्यावरच्या काकू एकाच वेळी बाहेर आल्या, म्हणजे आवाजाच्या बाबतीत आपलं काम चोख आहे यात शंका नाही. गाडीबरोबर एक कागदही आला. गुळगुळीत, लग्नपत्रिकेला लाजवेल असा. काळी पार्श्वभूमी, डाव्या कोपऱ्यात ज्वाळा, उजव्या कोपऱ्यात आपला लोगो आणि मधोमध बोटभर उंचीचा आकडा: ५०० पीएस. त्याच्याखाली, मोबाइलचा टॉर्च लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत: ‘एसटीडी, सीएफ १.१४, स्मूदिंग ५.’

कंपनी या गाडीचे ३७४ सांगते. म्हणजे आपण एका दिवसात सव्वाशेची भर घातलीत. मी उमेदीची वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्यात इंजिनच्या टेस्ट बेडवर काढली. तिथे चार हॉर्सपॉवर वाढले की डिझाइनवाले पेढे वाटायचे, आणि ते चार खरेच आहेत ना हे बघायला आम्ही पाण्याचं, तेलाचं, इंधनाचं तापमान स्थिर होईपर्यंत घड्याळाकडे बघत बसायचो. आमचा साहेब तर हवेतली वाफ वजा केल्याशिवाय दाब लिहू द्यायचा नाही. आपल्याकडे नोकरी केली असती तर त्या बिचाऱ्याचा रक्तदाब वाढला नसता.

आता आपलं दुर्दैव असं, की भाच्याने हौसेने सगळ्या रनचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. गाडी रोलरवर पट्ट्यांनी आवळलेली, समोर मांडववाल्याकडून आणल्यासारखा एक उभा पंखा, आणि मागे आपल्या लॅपटॉपचा पडदा, स्वच्छ, अक्षर न्‌ अक्षर दिसणारा. भाच्याने तो व्हिडिओ एक्झॉस्टच्या आवाजासाठी जपून ठेवला आहे. मी आवाज बंद करून पाहिला.

रन संपल्यावर पडद्यावर पहिल्यांदा आकडा आला तो ३४५. चाकांवर मोजलेला, कसलीही दुरुस्ती न केलेला. हा आकडा बघून भाचा थोडा हिरमुसलेला दिसतो. मग आपण म्हणता, “थांबा, अजून करेक्शन लागायचंय.” आणि पुढच्या दीड मिनिटात, गाडीला हातही न लावता, आपण त्या ३४५ चे ५०० केलेत. टेस्ट बेडच्या एवढ्या वर्षांत मी असली प्रगती पाहिली नाही. तेव्हा वाचकांच्या माहितीसाठी ती पायरीपायरीने लिहून काढतो. चुकलं तर सांगा.

पहिली पायरी हवेची. ही मुळात प्रामाणिक गोष्ट आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. साधं, टर्बो नसलेलं इंजिन इथे कमी प्राणवायू ओढतं, कमी ताकद देतं. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या मोजणीची तुलना करता यावी म्हणून एक करेक्शन फॅक्टर लावतात. एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या पद्धतीत २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब ही परिस्थिती धरतात आणि आपल्या हवेचा आकडा तिथे नेतात. पुण्यात डिसेंबरच्या प्रसन्न सकाळी हा फॅक्टर १.०६ च्या आसपास यायला हवा. आपल्या पडद्यावर तो १.१० दिसतो. का, म्हणून मी व्हिडिओ थांबवून पाहिलं. हवेचं तापमान: ४५ अंश.

डिसेंबरात पुण्यात ४५ अंश! शिवाजीनगरच्या वेधशाळेला कळवलंत का? तिथले लोक उगाच थंडीच्या लाटेचे अंदाज देत बसलेत. पुढे कॅमेरा थोडा सरकतो आणि खुलासा होतो. आपल्या हवामानयंत्राची वायर बॉनेटच्या उघड्या फटीत, रेडिएटरच्या मागे लोंबकळते आहे. यंत्राला वाटलं हवा तापली आहे, बिचाऱ्या इंजिनाला त्रास होतोय, म्हणून त्याने मायेने चार टक्के जास्त दिले. यंत्राचा दोष नाही. त्याला जिथे लटकवाल तिथलं ते सांगणार.

बरं, हे १.०६ तरी या गाडीला लागू होतं का? इंजिन टर्बोचं आहे. बाहेरची हवा विरळ झाली की ईसीयू वेस्टगेट थोडं जास्त मिटून घेतो, टर्बो थोडा जास्त फिरतो आणि मॅनिफोल्डमधला दाब ठरल्या जागी आणून ठेवतो. उंचीने जे हिरावून घेतलं ते टर्बोने जवळपास भरून काढलेलंच असतं. त्यावर पुन्हा उंचीची भरपाई घ्यायची म्हणजे एकाच अपघाताचे दोन विमा कंपन्यांकडे दावे. अमेरिकेत डेन्व्हर शहर मैलभर उंचीवर आहे; तिथे हा फॅक्टर वीस टक्क्यांच्या घरात जातो, म्हणून तिथल्या टर्बो गाड्यांच्या डायनो-आकड्यांवर बाकीचे अमेरिकन फिदीफिदी हसतात. आपण पुण्याचं डेन्व्हर केलंत. स्मार्ट सिटीवाल्यांना जमलं नव्हतं. आयएसओच्या मानकात असल्या दुरुस्तीला ०.९३ ते १.०७ अशी चौकट आहे. त्यापलीकडे गेलात तर चाचणी कुठल्या परिस्थितीत घेतली ते उघड लिहावं लागतं. आपणही लिहिलं आहे म्हणा. मुंग्यांना वाचता येईल असं.

असो. ३४५ गुणिले १.१० म्हणजे ३७९.

दुसरी पायरी म्हणजे लॅपटॉपवरची एक टिचकी. ‘एसएई’च्या जागी ‘एसटीडी’. ही जुनी पद्धत. तिच्यात थंड साडेपंधरा अंशांची आणि जास्त दाबाची हवा धरतात. गाडी तीच, रन तोच, पण आकडा चार टक्क्यांच्या आसपास फुगतो. यात बेकायदेशीर काही नाही. अमेरिकेतली निम्मी दुकानं हेच करतात आणि उरलेली निम्मी त्यांच्या नावाने बोटं मोडतात. झाले ३९५.

तिसऱ्या पायरीवर मात्र आपली प्रतिभा खऱ्या अर्थाने बहरते. भाचा विचारतो, “हे चाकांवरचे ना? क्रँकवर किती?” आपण खांदे उडवून म्हणता, “ऑल व्हील ड्राइव्ह आहे, वीस टक्के लॉस धरायचा.” आणि ३९५ ला ०.८ ने भागता. झाले ४९३.

हे वीस टक्के कुठून आले? आपण मोजले नाहीत, कारण व्हिडिओत कोस्ट-डाउन नाही. जर्मनीतले लोक रन संपला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकून रोलर आपोआप मंदावू देतात आणि गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर मिळून किती खातात ते त्यावरून काढतात. त्याला एक मिनिट लागतं. आपण तो मिनिट वाचवलात. पण टेस्ट बेडवाल्या माणसाला एक खोड असते, की हरवलेली शक्ती गेली कुठे हे तो विचारतो. आपल्या हिशेबाने वाटेत ९८ हॉर्सपॉवर हरवले. म्हणजे सुमारे ७३ किलोवॅट उष्णता. घरातला गिझर दोन किलोवॅटचा. तसे छत्तीस गिझर माझ्या भाच्याच्या गिअरबॉक्सात आणि टायरांत एकाच वेळी चालू होते म्हणायचं. रोलरवरून उतरलेल्या गाडीवर वाकडच्या एखाद्या मंगल कार्यालयाचं आंघोळीचं पाणी तापलं असतं.

शिवाय हा तोटा काही टक्क्यांच्या हिशेबाने चालत नाही. त्याचा बराचसा भाग वेगाबरोबर ठरतो, ताकदीबरोबर नाही. स्टॉक गाडी गिअरबॉक्सात पन्नास गमावत असेल तर रीमॅप केला म्हणून ती शंभर गमावायला लागत नाही. गिअर तेच, तेल तेच. पण टक्के धरले की जितका मोठा आकडा, तितका मोठा तोटा, आणि जितका मोठा तोटा, तितका मोठा आकडा. असा बचतगट मी कुठे पाहिला नाही.

शेवटची पायरी अगदीच किरकोळ. ४९३ इंग्रजी हॉर्सपॉवर म्हणजे मेट्रिकमध्ये ५००. दोन मापांत दीड टक्क्याचाही फरक नाही, आणि युरोपात पीएसच चालतं, तेव्हा त्यावर भांडण नाही. खुद्द बुगाटीने वेरॉनचे १००१ पीएस असेच मिरवले. इंग्रजी मापात ते ९८७ होतात आणि पोस्टरवर तितके देखणे दिसत नाहीत. कॅल्क्युलेटरवर आपला आकडा ५००.२ येतो. वरचे ०.२ आपण सोडून दिलेत. त्याबद्दल मनापासून आभार.

आपण म्हणाल, म्हातारबुवा, सगळेच असं करतात. बरोबर आहे. आकडे फुगवण्याचा इतिहास आपल्यापेक्षा जुना आहे. अमेरिकन कंपन्या १९७१ पर्यंत इंजिन उघडंनागडं टेस्ट बेडवर चढवायच्या. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचं ओझं नाही. त्याला ‘ग्रॉस’ म्हणायचे. १९७२ मध्ये ‘नेट’ आकडे आले आणि कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचे ३३० वरून २५५ झाले. इंजिनात थोडा बदल होता, पण बहुतेक घोडे मोजणीतच मेले. जपान्यांनी उलटी तऱ्हा केली. १९८९ च्या सुमारापासून त्यांनी आपसात ठरवून घेतलं, की २८० पीएसच्या वर कुणी जाहीर करायचं नाही. स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८०, सुप्रा २८०, आणि अमेरिकेत निघालेली तीच सुप्रा ३२०. २००४ मध्ये होंडाने लेजंडचे ३०० जाहीर केले आणि तो पंधरा वर्षांचा विनय संपला. खोटं बोलायचंच तर ते खालच्या बाजूला बोलावं, ही कल्पना आपल्याला कधी सुचली का? नसावी. लोगोला मानवणार नाही.

आणि पकडले गेल्यावर कोण कसं वागलं तेही लिहितो, म्हणजे आपल्याला पुढचं नियोजन करता येईल. १९९९ च्या मस्टँग कोब्राचे फोर्डने ३२० सांगितले. मालकांनी गाड्या डायनोवर चढवल्या तर ते सापडेनात. फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट, ईसीयू सगळं नीट करून दिलं. २००१ च्या मिआटाचे माझ्दाने १५५ छापले होते, निघाले १४२. तेरा हॉर्सपॉवर! आपल्या एका टिचकीत याहून जास्त वाढतात. तेवढ्यासाठी माझ्दाने गाडी परत घ्यायची तयारी दाखवली. पुढे २००५ मध्ये एसएईने साक्षीदार उभा करून मोजायची पद्धत आणली. त्या पद्धतीने प्रमाणित झालेल्या पहिल्या इंजिनांत कॉर्व्हेट झेड ०६ चं होतं. आधी ५०० म्हटलं होतं, भरले ५०५. तो साक्षीदार आपल्याकडे आला असता तर बहुधा पंख्यासमोर खुर्ची टाकून झोपला असता. इंटरकूलरपेक्षा त्यालाच गार वाटलं असतं.

भाच्याच्या ग्रुपवर आपल्या गिऱ्हाइकांचे आणखी कागद फिरत असतात. त्यांतला एक मी जपून ठेवला आहे. त्यावर पॉवर एचपीत आहे, टॉर्क पौंड-फुटांत, दोन्ही अक्ष शून्य ते सहाशे, एकाच मापाचे. आणि दोन्ही रेषा एकमेकींना ४६०० आरपीएमला छेदतात. जेम्स वॅटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक हॉर्सपॉवर असं ठरवलं. त्या ३३,००० ला २π ने भागलं की ५२५२ येतात. अशा आलेखावर त्या दोन रेषा ५२५२ लाच भेटतात, फेरारी असो की पाणी उपसायचा पंप. आपल्या दुकानात त्या साडेसहाशे आरपीएम आधीच भेटल्या. अशी घाई कशाची होती?

मला जी गोष्ट खरोखर खटकली ती यातली एकही नाही. ३४५ चे ५०० केलेत, ठीक आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण काम करण्याआधीचा रन कुठे आहे? व्हिडिओत नाही, कागदावर नाही, आपल्या लॅपटॉपच्या फोल्डरमध्येही भाच्याच्या नावाने एकच फाइल दिसते. तेच यंत्र, तोच दिवस, तोच गिअर, टायरात तेवढीच हवा, पट्टे तेवढेच आवळलेले, आणि एक रन कामाआधी, एक कामानंतर. डायनो बांधला जातो तो याचसाठी. मग फॅक्टर एसएई ठेवा नाहीतर आपल्या आजोबांच्या नावाचा ठेवा, दोन्हीकडे सारखाच लागेल आणि मधला फरक खरा असेल. कोइमतूरच्या हब डायनोवरचे ४६० आणि पुण्याच्या रोलरवरचे ५०० यांची तुलना करत ग्रुपवरची ही पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडतात. एकात चाकं काढून यंत्र थेट हबला जोडलेलं, दुसऱ्यात टायर रोलरवर दबून घसरतोय. एखाद्याने नुसती हलकी अलॉय बसवली तरी जडत्वावर चालणाऱ्या डायनोवर आकडा वाढतो, कारण चाक फिरवायला कमी ताकद गेली. इंजिनाला त्याची खबरही नसते. या भांडणांतून आपल्याला गिऱ्हाइकं मिळतात, हे मला दिसतं. म्हणून तर आधीचा रन नाही.

भाचा आता विचारतो, “मामा, मग खरे किती?” तेव्हा आम्ही आपल्या डायनोशिवाय मोजायचं ठरवलं. एका धावपट्टीवरच्या ड्रॅगच्या कार्यक्रमात त्याने जीपीएसचं यंत्र काचेला चिकटवून ताशी १०० वरून २०० किलोमीटर वेगावर जायचा वेळ घेतला. साडेदहा सेकंद. गाडी, भाचा आणि पेट्रोल मिळून साधारण १८५० किलो. एवढं वजन १०० वरून २०० वर न्यायला सुमारे २१ लाख ४० हजार ज्यूल लागतात. साडेदहाने भागलं की २०४ किलोवॅट. हवा आणि टायर यांनी खाल्लेले पस्तीस-चाळीस त्यात घाला. चाकांवर सरासरी २४० किलोवॅट, म्हणजे सव्वातीनशे पीएस. सरासरी आणि शिखर यांतलं अंतर धरा, गिअरबॉक्सचा वाजवी वाटा धरा, क्रँकवर ४०० च्या आसपास निघतात. थोडे वर, थोडे खाली. पाचशे निघायला भाच्याला गाडीतून उतरून मागून ढकलावं लागलं असतं.

आता तो पहिला ३४५ आठवा. धावपट्टीच्या हिशेबाशी तो छान जुळतो. आपलं यंत्र अगदी बरोबर बोललं होतं. चांगलं, महागाचं यंत्र आहे. त्याला कुणी बोलू दिलं तर.

एका बाबतीत मात्र मला आपली काळजी वाटते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करायचा नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. डाउनपाइपमधून आपण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाळलात, त्याचा वास पार्किंगमध्ये दरवळतोच आहे. पण त्यापुढे जाऊन आपण गिऱ्हाइकाला सही-शिक्क्याचा, रंगीत, लॅमिनेट केलेला कबुलीजबाबही देता, आणि तोही न केलेल्या शंभर हॉर्सपॉवरच्या गुन्ह्याचा. माझा वकील सांगतो की असा अशील त्याच्याकडे अजून आलेला नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. त्या दिवशीच्या रनची मूळ फाइल भाच्याच्या मेलवर पाठवा. पीडीएफ नको, फोटो नको, फाइल. हवामानयंत्र बॉनेटबाहेर काढून भिंतीवर सावलीत टांगा. गाडीत मूळ मॅप परत टाका, एक रन घ्या, मग आपला मॅप टाका आणि दुसरा घ्या, दोन्हींच्या आधी इंटरकूलर सारखाच गार होऊ द्या. दोन रेषा एकाच कागदावर छापा. ज्वाळा ठेवल्यात तरी चालतील. मी भाच्याला पुढच्या शनिवारी सकाळी नऊला पाठवतो. सोबत मी येतो, आणि माझा स्वतःचा थर्मामीटर घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका गिऱ्हाइकाचा मामा

ता. क. – कागदपत्रं चाळताना आपली पावतीही सापडली. भाच्याने आपल्याला रोख एक लाख ऐंशी हजार दिले. पावती आहे अठरा हजारांची, ‘जनरल सर्व्हिसिंग व किरकोळ कामे’ या नावाने, जीएसटीसह. इथे करेक्शन फॅक्टर ०.१ कसा आला, तेवढं शनिवारी समजावून सांगा.